उशीर झाला की हरवलं?

मशीन मधेच थांबतं आणि स्क्रीनवर एक ओळ उमटते: ‘एरर फिनिशिंग रीड’. कॉम्प्युटरने कंट्रोलर बोर्डाला काही विचारलं होतं, उत्तर हाती आलं नाही, म्हणून त्याने काम थांबवलं. उत्तर का आलं नाही, ते त्या ओळीत नसतं. ते वाटेत खराब झालं असेल. निघालंच नसेल. किंवा आलंही असेल, पण वेळ टळून गेल्यावर. सगळ्याला ओळ एकच.

जुन्या सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणाऱ्या, मशीनना नवा कंट्रोल बसवून देणं हे माझं काम. लोखंड धडधाकट असतं, बॉल स्क्रू आणि गाइड चांगले असतात, पण मूळ कंट्रोलर बंद पडलेला असतो आणि त्याची कार्डं आता मिळत नाहीत. अशा मशीनवर मी बहुतेक वेळा लिनक्ससीएनसी हे खुलं सॉफ्टवेअर आणि मेसा कंपनीचा इथरनेट कंट्रोलर बोर्ड बसवते. त्यामुळे या ओळीचा फोटो माझ्या फोनवर वरचेवर येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘मॅडम, कम्युनिकेशन गेलं.’ मग केबल बदलतात, बोर्ड बदलतात, सॉफ्टवेअर नव्याने टाकतात. यात जो वेळ आणि पैसा जातो, त्यातला बराचसा वाचू शकतो असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी पहिल्यांदा एकच गोष्ट ठरवायला हवी: उत्तराला उशीर झाला, की ते हरवलं?

कॉम्प्युटर आणि बोर्ड यांचं बोलणं किती बारीक वेळेत चालतं, ते आधी सांगते. लिनक्ससीएनसीमधला सर्व्हो थ्रेड, म्हणजे ठरावीक वेळाने होणारी कामाची फेरी, साधारणपणे एक मिलिसेकंदाचा असतो. म्हणजे सेकंदाला हजार वेळा कॉम्प्युटर बोर्डाला विचारतो, अक्ष आत्ता कुठे आहेत, कुठला स्विच दाबला गेलाय. बोर्ड उत्तर देतो. त्यावरून कॉम्प्युटर प्रत्येक अक्षाचा पुढचा वेग काढतो आणि पाठवून देतो. मोटरच्या ड्राइव्हला लागणारे पल्स मात्र तो पाठवत नाही. ते बोर्डावरची एफपीजीए चिप स्वतः काढते. पॅरलल पोर्टच्या काळात हे पल्सही कॉम्प्युटरलाच काढावे लागायचे, दर काही मायक्रोसेकंदांनी, आणि त्यात त्याचा जीव जायचा. इथरनेट बोर्डांनी ते ओझं उतरवलं. कॉम्प्युटरने फक्त दर मिलिसेकंदाला हजर राहायचं.

आणि हजर राहिला नाही तर? लोकांना वाटतं, हुकूम नाही आला की मशीन आपोआप थांबत असेल. तसं होत नाही. चिपला शेवटचा जो वेग सांगितला होता, त्याच वेगाने ती पल्स देत राहते. मशीन मिनिटाला ६ मीटरने धावत असेल तर एका मिलिसेकंदात कटर ०.१ मिलिमीटर पुढे जातो. वळणावर असेल तर वळण न घेता तेवढा सरळ जातो. एखादा मिलिसेकंद असा गेला तर पुढच्या हुकमात ती चूक भरून निघते, जॉबवर काही दिसतही नाही. म्हणून सॉफ्टवेअरही लगेच हात टेकत नाही. प्रत्येक चुकलेल्या वाचनाला दोन अंक चढतात, प्रत्येक नीट झालेल्या वाचनाला एक उतरतो आणि बेरीज दहावर गेली की ते थांबतं. बोर्डाच्या बाजूला शिवाय वॉचडॉग आहे. मूळ सेटिंगमध्ये ५ मिलिसेकंद कॉम्प्युटरची चाहूल लागली नाही, की तो सगळी आउटपुट बंद करतो. तोवर ६ मीटरच्या वेगाने अर्धा मिलिमीटर अंतर गेलेलं असतं. पल्स अचानक तुटले, तरी जड गॅन्ट्री, म्हणजे कटर वाहून नेणारी कमान, जागच्या जागी उभी राहत नाही. वजनाच्या जोराने पुढे सरकते आणि स्टेपर मोटरची पकड सुटते. आता स्क्रीनवरचा आकडा वेगळा आणि कटर वेगळ्या जागी. पुन्हा होमिंग केल्याशिवाय, म्हणजे अक्ष मूळ जागी नेऊन शून्य धरल्याशिवाय, त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

इथरनेट हे मुळात अशा कामासाठी जन्मलेलंच नाही. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी त्याची कल्पना मांडली, ती कॉम्प्युटर आणि प्रिंटर एका तारेवर जोडण्यासाठी. दोघे एकदम बोलले तर टक्कर व्हायची; मग दोघांनीही मनाला येईल तेवढं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. प्रिंटरला कागद अर्धा सेकंद उशिरा मिळाला तर कुणाचं काही बिघडत नाही. आजच्या जोडणीत दोन्ही बाजूंच्या तारा वेगळ्या असतात, टक्कर होत नाही, १०० मेगाबिटच्या तारेला आपलं छोटं पॅकेट पोचवायला काही मायक्रोसेकंद पुरतात. तरी वेळेचं वचन कुणीच दिलेलं नाही. बेकॉफने २००३ मध्ये आणलेल्या इथरकॅटसारख्या पद्धती याच कारणासाठी निघाल्या. मेसाच्या बोर्डावर तसलं काही नाही, साधं यूडीपी आहे. पाठवायचं आणि उत्तराची वाट बघायची. हरवलं तर पुन्हा कुणी पाठवणार नाही.

नवीन मुलांना हे ऐकून धक्का बसतो. टीसीपी का नाही वापरलं, ते तर हरवलेलं पुन्हा पाठवतं ना, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण लिनक्समध्ये हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवण्याचा टीसीपीचा टायमर किमान २०० मिलिसेकंदांचा असतो. आपल्या हिशेबात ते दोनशे फेऱ्या झाले. तेवढ्या वेळापूर्वी अक्ष कुठे होता, हे कळून करायचं काय? ते वरातीमागून घोडं. शिवाय त्या जुन्या पॅकेटच्या मागे नवी, ताजी पॅकेटंही रांगेत अडकून पडतात. जिथे ताज्या बातमीलाच किंमत आहे, तिथे शिळी टाकून देणारी पद्धत बरी.

आता कोल्हापूरच्या एका पॅटर्न शॉपकडे येते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फौंड्रींना पॅटर्न लागतात. ज्या आकाराचं कास्टिंग हवं, त्या आकाराचा लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा नमुना आधी करायचा, वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि त्या पोकळीत लोखंड ओतायचं. ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं, साध्या बिडाला मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. पूर्वी याची खास फूटपट्टी असायची, आक्रसण्याइतक्या वाढवलेल्या मापाची. मिस्त्री त्या पट्टीवरच काम करायचे. आता ते सगळं कॅडमध्ये होतं आणि राउटर, म्हणजे कोरीव काम करणारं सीएनसी मशीन, सागवानी ठोकळ्यावर बॉल नोज कटरने तासन्‌तास बारीक बारीक रेघा मारत आकार काढतं. फिनिशिंगचा पास सहा-सात तासांचाही असतो. पाचव्या तासाला मशीन थांबलं आणि कटर जिथे थांबला तिथे लाकूड जाळून बसला, तर तो खड्डा लांबी (पुट्टी) भरून घासावा लागतो, आणि तो जागेवर येईल याची खात्री नसते.

शॉपचे मालक अण्णा. स्वतः हाताने पॅटर्न केलेला माणूस. त्यांच्या राउटरवर मी बसवलेला कंट्रोल बरीच वर्षं बिनतक्रार चालला. मग त्या मशीनच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. अण्णांनी नवा कॉम्प्युटर घेतला, आधीच्यापेक्षा कितीतरी वेगवान. त्याच दिवशी, लाकडाच्या भुशापासून सांभाळावं म्हणून, तो मशीनशेजारून हलवून काचेच्या केबिनमध्ये ठेवला. मशीन चालू झालं आणि थांबायला लागलं.

‘अगं, महागातला घेतला की. जुना बरा चालत होता, ह्यो का थांबतोय?’ अण्णांना मनापासून कळत नव्हतं.

ऑपरेटर विशीतला पोरगा, पण डोळा पक्का. मी त्याला पहिलं विचारलं ते कधी थांबतं. किती वेळा थांबतं, हे सगळे सांगतात. कधी, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तो म्हणाला, ‘मॅडम, दोन तऱ्हा हायत. एक, नुसतं चालू करून ठेवलं, काम नसलं, तरी मधीच कवातरी जातंय. दुसरं, कटिंगला लावलं की जातंय, आणि मोठा फेरा जोरात फिरवला तर लवकर जातंय.’ मोठा फेरा म्हणजे स्पिंडलचे, कटर फिरवणाऱ्या मोटरचे, चढे आरपीएम. त्या दोन वाक्यांत निम्मं निदान होतं. स्पिंडल बंद असतानाही जातं, म्हणजे एक कारण स्पिंडलशी संबंधित नाही. स्पिंडल फिरला की वाढतं, म्हणजे दुसरं आहे.

पायथ्यापासूनची तपासणी पटकन उरकली. बोर्डाच्या सॉकेटवरचा दिवा लागलेला, कॉम्प्युटरच्या बाजूचाही. बोर्डाचा नेटवर्कवरचा पत्ता जंपरने, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या काढ-घाल जोडणीने, १०.१०.१०.१० असा ठेवलेला, कॉम्प्युटरचा त्याच गटातला. इथे थोडं थांबून सांगते, कारण ही चूक मला जागोजागी भेटते. मेसाच्या बोर्डाचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१२१ असतो आणि घराघरातल्या वायफाय राउटरचाही गट बरेचदा १९२.१६८.१ हाच असतो. मशीन आधी नीट चालतं. मग कुणीतरी ड्रॉइंग उतरवून घ्यायला कॉम्प्युटरला वायफायचं डाँगल लावतं. आता कॉम्प्युटरकडे एकाच गटाकडे जाणाऱ्या दोन वाटा झाल्या. बोर्डासाठीचं पॅकेट तो वायफायवर सोडून देऊ शकतो, आणि तसं झालं की बोर्ड मेला असं सगळ्यांना वाटतं. तो मेलेला नसतो, त्याच्यापर्यंत कुणी गेलेलंच नसतं. म्हणून पहिल्या दिवशीच जंपर बदलून पत्ता १०.१०.१०.१० करून टाकावा. अण्णांकडे तो केलेला होता, त्यामुळे इथे काही सापडायचं नव्हतं.

पुढची पायरी पिंग, म्हणजे बोर्डाला छोटं पॅकेट पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. पिंग सगळेच करतात आणि चार उत्तरं आली की ‘नेटवर्क ओके’ म्हणून उठतात. चार पिंगने फक्त एवढं कळतं की तार जोडलेली आहे. मशीनला हवं ते वेगळं. लिनक्ससीएनसी बंद ठेवायचं, पिंगला रिअल टाइमचं वरचं प्राधान्य द्यायचं आणि दर मिलिसेकंदाला एक, अशी ६० हजार पॅकेटं सोडायची. एक मिनिट लागतं. शेवटी तीन आकडे महत्त्वाचे: सगळ्यात कमी वेळ, सरासरी, सगळ्यात जास्त वेळ. आणि किती परत आली नाहीत, हा चौथा.

स्पिंडल बंद ठेवून लावलं. सरासरी ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास, सुरेख. हरवलेली शून्य. सगळ्यात जास्त वेळ मात्र दोन मिलिसेकंदांच्या वर.

सरासरीवर कुणी समाधान मानू नये, एवढं मी कळकळीने सांगते. ६० हजारांतली ५९ हजार ९९० पॅकेटं वेळेत आली आणि दहा उशिरा आली तरी सरासरी देखणीच दिसणार. सॉफ्टवेअर मूळ सेटिंगमध्ये फेरीच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ०.८ मिलिसेकंद वाट बघतं. दोन मिलिसेकंदांनी आलेलं उत्तर त्याच्या लेखी आलेलंच नसतं. ती दहा पॅकेटं मिनिटभरात विखुरलेली असतील तर अंक चढतात आणि उतरतात, मशीन चालत राहतं. एकापाठोपाठ आली, की थांबतं. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा थांबणाऱ्या मशीनचं कोडं यातून सुटतं.

उशीर कुणाचा, हेही यातूनच कळतं. बोर्डावर ऑपरेटिंग सिस्टिम नाही. चिप उत्तर देते आणि तिला लागणारा वेळ जवळजवळ ठरलेला असतो. तारेला लागणारा वेळ तर नगण्य. म्हणजे चढ-उतार आहे तो कॉम्प्युटरच्या बाजूला. नव्या, वेगवान कॉम्प्युटरच्या.

अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आजचे प्रोसेसर वीज वाचवायला शिकलेले आहेत. काम नसलं की ते थराथराने झोपेत जातात आणि जितकी गाढ झोप, तितका जागं व्हायला वेळ. दर मिलिसेकंदाला काम आणि मधे रिकामपण, म्हणजे झोपायचं निमित्त दर मिलिसेकंदाला. नेटवर्क चिपचं आणखी वेगळं. आलेल्या प्रत्येक पॅकेटसाठी प्रोसेसरला उठवण्यापेक्षा ती चार पॅकेटं जमू देते आणि मग एकदाच हाक मारते. व्हिडिओ बघणाऱ्यासाठी ते उत्तम, एकूण काम जास्त उरकतं. पण आपल्याकडे एक पॅकेट येतं, त्याच्यावर पुढचं सगळं अडलेलं असतं, आणि चिप दुसऱ्याची वाट बघत बसते. जुना कॉम्प्युटर हळू होता, पण वक्तशीर होता.

उपाय ठरलेले आहेत. बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, सी-स्टेट, म्हणजे या झोपेच्या पायऱ्या, बंद केल्या. नेटवर्क चिपचं पॅकेट जमवणं ‘एथटूल’ या कमांडने शून्य केलं, इथरनेटची वीज वाचवायची सोय बंद केली. प्रोसेसरचा एक कोअर बाकी सगळ्या कामांपासून राखून ठेवला. लिनक्सचा रिअल टाइम कर्नल, म्हणजे वेळ पाळणारा गाभा, होताच. हा कोड सुमारे वीस वर्षं वेगळा पॅच म्हणून लोकांनी सांभाळला आणि २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत तो मूळ कर्नलमध्ये आला, याचा मला व्यक्तिशः आनंद आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत नव्वदच्या दशकात उभा राहिलेला कंट्रोलरचा कोड सगळ्यांसाठी खुला झाला, त्यातून लिनक्ससीएनसी आलं, आणि आज शिरोलीत एका पॅटर्न शॉपला परवाना शुल्क न भरता ते वापरता येतं, ते अशा चिवट लोकांमुळे.

पुन्हा ६० हजार पिंग. जास्तीत जास्त वेळ ०.३ मिलिसेकंदांच्या आत आला. मशीन नुसतं चालू ठेवलं, ते थांबेना. पोराने सांगितलेली पहिली तऱ्हा संपली.

दुसरी बाकी होती. अण्णा म्हणाले, आता लाव कटिंगला. मी म्हटलं, नको, आधी स्पिंडल नुसता फिरवून बघू. लिनक्ससीएनसी बंदच ठेवून व्हीएफडीच्या, म्हणजे स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या, कीपॅडवरून स्पिंडल चालू केला, कटर न लावता. पिंग सोडला. या वेळचे आकडे अगदी वेगळे होते. जी पॅकेटं परत आली ती सगळी वेळेत, ०.३ च्या आत. पण शेकड्यात मोजावी इतकी परत आलीच नाहीत. स्पिंडल थांबवला, हरवणं शून्य. आरपीएम वाढवले, हरवणं वाढलं.

उशीर आणि हरवणं यांत हा फरक आहे. उशीर झाला की सगळ्यात जास्त वेळेचा आकडा फुगतो, संख्या पूर्ण भरते. हरवलं की संख्या भरत नाही आणि आलेल्यांच्या वेळेला काही झालेलं नसतं. स्क्रीनवरच्या ओळीला हे वेगळं सांगता येत नाही, एका मिनिटाच्या पिंगला सांगता येतं.

आणखी एक साक्षीदार असतो, तो फार कमी लोक विचारात घेतात. प्रत्येक इथरनेट फ्रेमच्या शेवटी चार बाइटची तपासणी बेरीज असते, सीआरसी. वाटेत एक बिट जरी उलटला तरी बेरीज जुळत नाही आणि चिप ती फ्रेम गुपचूप फेकून देते. वरच्या सॉफ्टवेअरला काही कळवत नाही. पण किती फेकल्या, याचा आकडा ती ठेवते आणि तो ‘एथटूल’ने वाचता येतो. स्पिंडल फिरताना तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर चढत होता. एक लक्षात ठेवायचं: कॉम्प्युटरचा आकडा फक्त बोर्डाकडून येणाऱ्या खराब फ्रेमचा असतो. जाणाऱ्या फ्रेम बोर्ड फेकतो, त्या इथे दिसत नाहीत. म्हणून हरवलेली पॅकेटं या आकड्यापेक्षा जास्त असली तर गोंधळून जायचं नाही.

स्पिंडलबरोबर सीआरसी चढतो आहे, म्हणजे सॉफ्टवेअर, पत्ता, फायरवॉल, सेटिंग यांतलं काहीही असणं शक्य नाही. दोष तारेत किंवा तारेच्या शेजाऱ्यांत. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा दिलासा, कारण इथून पुढे कीबोर्डला हात लावायचं कारण उरत नाही. टॉर्च घ्यायची आणि केबलच्या मागे चालायचं.

कॉम्प्युटर मशीनपासून लांब गेला होता, म्हणून नवी केबल टाकलेली. सीसीटीव्ही बसवणाऱ्याने ती टाकून दिली होती, मशीनच्या मागून जाणाऱ्या ट्रेमधून. त्याच ट्रेमध्ये व्हीएफडीपासून स्पिंडलकडे जाणारी मोटर केबल, शील्ड (धातूच्या जाळीचं वेष्टन) नसलेली, आणि दोन्ही पाच-सहा मीटर अंगाला अंग लावून चाललेल्या. व्हीएफडी मोटरला साधी साइन लाट देत नाही. सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज उघड-बंद करून ती घडवतो आणि प्रत्येक उघड-बंद इतकी धारदार असते की शेजारच्या तारेत तिचा ठसा उमटतो. हे बघून कुणीही म्हणेल, कारण सापडलं. ट्रेमधून केबल काढून बाजूला टाकली. हरवणं पुष्कळ कमी झालं, शून्य झालं नाही. मोटर केबल बदलून शील्डची टाकायची ठरवली होतीच, पण इथरनेटच्या तारेने एवढा आवाज, म्हणजे विजेची गडबड, उचलावा हे मला पटेना. व्हीएफडी शेजारी असलेली आणि तरी ठणठणीत चालणारी कितीतरी मशीन मी बघितली आहेत.

म्हणून प्लग हातात घेऊन उजेडात धरला. प्लगचं प्लास्टिक पारदर्शक असतं, आतल्या आठ तारांचे रंग मोजता येतात. डावीकडून: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, हिरवी, निळी-पांढरी, निळी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दिसायला किती नीटनेटकं. जोडीला जोडी. दुसरं टोक बघितलं, तोच क्रम. पोराने टेस्टर आणला, दोन्ही टोकांना लावला, एक ते आठ दिवे ओळीने लागले. ‘मॅडम, केबल तर पास हाय.’

पास नव्हती. १०० मेगाबिटचं इथरनेट आठांतल्या चारच पिना वापरतं: १ आणि २ एक जोडी, ३ आणि ६ दुसरी. म्हणून प्रमाण क्रमात तिसऱ्या जागी हिरवी-पांढरी येते आणि हिरवी सहाव्या जागी. मधल्या दोन जागांवर निळ्यांची जोडी बसते. या केबलमध्ये तिसऱ्या पिनवर हिरवी-पांढरी होती आणि सहाव्यावर निळी. दोन्ही तारा अखंड, दोन्ही बरोबर पिनला पोचणाऱ्या, पण एकमेकींना पिळलेल्या नाहीत. हिरवी-पांढरीला पीळ आहे तो हिरवीबरोबर, निळीला निळी-पांढरीबरोबर. याला स्प्लिट पेअर म्हणतात आणि दिव्यांचा टेस्टर तो कधीच पकडू शकत नाही, कारण तो फक्त तार इकडून तिकडे पोचते का ते बघतो.

पीळ तर सगळ्याचं मूळ. एकमेकींना पिळलेल्या दोन तारांवर बाहेरचा आवाज सारखाच चढतो. पलीकडची चिप दोन तारांमधला फरक वाचते, फरकात तो आवाज कापला जातो. ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी पिळाच्या जोडीचं पेटंट घेतलं, ते शेजारच्या तारांचा आवाज टेलिफोनमध्ये शिरू नये म्हणूनच. दीडशे वर्षं होत आली, तोच पीळ अण्णांच्या शॉपमध्ये एका जोडीत गैरहजर होता. सीसीटीव्हीला ही केबल चालून गेली असती. चित्राचा एखादा तुकडा अडखळला असता, टीसीपीने पुन्हा मागवला असता, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मशीनने मात्र प्रत्येक हरवलेल्या पॅकेटचा हिशेब मागितला.

ज्याने केबल केली त्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातातल्या टेस्टरने त्याला आठ हिरवे दिवे दाखवले होते. दोष द्यायचा तर सगळं एकदम बदलण्याच्या आपल्या सवयीला. अण्णांच्या जागी दुसरा कुणी असता, तर त्याने कॉम्प्युटर परत दिला असता, केबल तीच ठेवली असती आणि मशीन थोडं कमी थांबायला लागल्यावर ‘सुधारलं’ म्हणून गप्प बसला असता. किंवा केबल, बोर्ड, कॉम्प्युटर सगळंच बदलून टाकलं असतं. मशीन चाललंही असतं, आणि का चाललं ते कुणालाच कळलं नसतं. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका वेळी एक गोष्ट बदलायची आणि बदलाआधी व नंतर तेच ६० हजार पिंग मोजायचे, यापेक्षा स्वस्त हत्यार माझ्या पेटीत नाही.

कंपनीत तयार झालेली कॅट ६ पॅच केबल आणली, वेगळ्या पाइपमधून फिरवली आणि मोटर केबल जिथे ओलांडावी लागते तिथे काटकोनात ओलांडली. स्पिंडलची मोटर केबल शील्डची टाकली, शील्ड दोन्ही टोकांना क्लॅम्पने गोल पकडली. शील्डची शेपटी पिळून एका स्क्रूला बांधली तर एवढ्या धारदार आवाजापुढे तिचा उपयोग फार कमी होतो. स्पिंडल पूर्ण वेगाने फिरवून पिंग सोडला. हरवलेली शून्य, जास्तीत जास्त वेळ ०.३ च्या आत. सीआरसीचा आकडा होता तिथेच. मग कटर लावला.

पोराने तेव्हापासून जॉबच्या वहीत एक रकाना वाढवला आहे. रोज मशीन बंद करण्याआधी तो सीआरसीचा आकडा तिथे लिहितो. मी त्याला हे सांगितलं नव्हतं. आकडा हलला तर त्या दिवशी शॉपमध्ये काय नवीन झालं, कुठली तार सरकली, कुठलं वेल्डिंग शेजारी चाललं होतं, हे त्याला लगेच आठवेल, म्हणून लिहितो म्हणाला.

अण्णांचं एक मागणं राहिलं होतं. ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर घालून आणायचा त्यांना कंटाळा. केबिनमधल्या वायफायवरून थेट मशीनच्या कॉम्प्युटरवर हवं. होईल, पण बोर्डाच्या सॉकेटला कुणी हात लावायचा नाही आणि मधे नेटवर्कचा स्विच टाकायचा नाही. कॉम्प्युटरमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड टाकू, ते वायफायच्या गटात राहील, आणि बोर्डाचं कार्ड फक्त बोर्डाचं. कार्ड मागवलं आहे. ते बसवल्यावर, ड्रॉइंग उतरत असताना, स्पिंडल फिरवून पिंग पुन्हा एकदा मोजायचा आहे.